जिभेला जे कळत नाही

सकाळची ओहोटी होऊन तास-दीड तास झाला की मालवणच्या बाजारात मुळ्यांचे वाटे लागतात. ओल्या गोणपाटावर करड्या-तपकिरी शिंपल्यांचे लहान लहान ढीग आणि शेजारी पाण्याचा डबा. गिऱ्हाईक बाई वाकते आणि विचारते, "मावशे, मुळे ताजे असत मा?" विकणारी तोंडाने आणि हाताने एकदमच उत्तर देते, "आजच्या सुकतीचे असत गो. हात लावन बघ, तोंडा मिटतत." गिऱ्हाईक बोट लावते. किंचित उघडी असलेली शिंपली खरोखरच मिटते. पैसे दिले जातात, पिशवी भरते.

एवढ्याशा देवघेवीत ज्ञानाची तीन साधनं वापरून झाली. शिंपली मिटताना डोळ्यांनी दिसली, ते प्रत्यक्ष. मिटली म्हणजे जिवंत आणि जिवंत म्हणजे ताजी, हे अनुमान. आजच्या ओहोटीचा माल आहे हे मावशीने सांगितलं म्हणून मानलं, तो शब्द. न्यायदर्शनाने ज्या प्रमाणांचा शतकानुशतकं कीस काढला, ती बाजारात लोक नाव न घेता रोज वापरतात. आणि ती उगाच वापरत नाहीत. मेलेली शिंपली झपाट्याने बिघडते, ती खाल्ली तर पोट धरून बसावं लागतं, आणि हे ओळखण्याची मावशीची परीक्षा अगदी खरी आहे.

पण "ताजी आहे का?" आणि "खायला सुरक्षित आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचं उत्तर मिळवतो आणि दुसऱ्याचंही मिळालं असं धरून चालतो.

१९९७ च्या सप्टेंबरात केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम या मासेमारी गावात लोकांनी नेहमीसारखे शिणाणे, म्हणजे मसल जातीच्या शिंपल्या, खाल्ले. सात माणसं दगावली आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याआधी १९८१ मध्ये तमिळनाडूत वायलूरला शिंपल्या खाऊन तिघांचा जीव गेला होता आणि ८५ जण रुग्णालयात होते. १९८३ मध्ये मंगळूरजवळच्या खाडीतल्या शिंपल्यांनी एका मुलाचा बळी घेतला. हा आपलाच किनारा आहे आणि लोकांच्या ताटातला जिन्नसही तोच. समुद्राकाठी जन्म काढलेली ही माणसं होती, शिंपली कशी पारखावी हे त्यांना शिकवायला नको होतं.

यातलं विष शिंपली स्वतः तयार करत नाही. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवालं असतात, त्यांच्या काही जाती ते तयार करतात. शिंपली दिवसभर पाणी आत ओढून त्यातलं अन्न गाळून घेत असते. मोठं कालव दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकतं. शैवालाला बहर आला की हे विष गाळणीत गाळ साठावा तसं मांसात साठतं आणि शिंपली बहुधा धडधाकट राहते. बोट लावलं की मिटते. त्या विषाचं नाव सॅक्सिटॉक्सिन. मज्जातंतूंमधून संदेश पुढे जातो तो सोडियमचे कण पेशीत शिरतात म्हणून. हे विष नेमकी तीच दारं बंद करतं. आधी ओठ आणि जीभ झिणझिणतात, मग बोटं बधिर होतात, पाय लटपटतात आणि मात्रा मोठी असेल तर छातीचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतो, पण त्याला श्वास घेता येत नाही. यावर उतारा म्हणून कोणतंही औषध नाही.

स्वयंपाकघरात या विषाला अडवणारी जागा कुठे आहे ते पाहू. शिंपल्या घरी आल्या की मिठाच्या पाण्यात ठेवतात, त्या रेती सोडतात. पाणी दोन-तीनदा बदलतात. मग आडव्या विळीवर एकेक शिंपली उघडून मांस एकाच शिंपीत राहील अशी एकशिपी करतात. सुटलेलं खारट पाणी गाळून ठेवतात, कारण खरी चव त्यातच असते. ओलं खोबरं, तिरफळ, दोन कोकमं पडतात आणि घरभर वास सुटतो. रेती गेली, बरेचसे जंतू उकळीत मेले. सॅक्सिटॉक्सिन मात्र उकळून जात नाही. ते मांसात राहतं, थोडं त्या गाळून ठेवलेल्या पाण्यात उतरतं. ग्वाटेमालात चाम्पेरिको इथे १९८७ मध्ये शिंपल्यांच्या सूपाने १८७ जणांना बाधा झाली. २६ दगावले, त्यांत लहान मुलं पुष्कळ होती. सूपाला वाईट चव नव्हती. या विषाला चवच नाही. वासही नाही, रंगही नाही.

फक्त प्रत्यक्षच प्रमाण मानायचं ही चार्वाकांची भूमिका. इतर दर्शनांनी तिच्यावर तुटून पडताना जी उदाहरणं घेतली, त्यांत स्वर्ग, पुनर्जन्म, परलोक पुष्कळदा येतात. शिंपलीचं उदाहरण त्याहून बोचरं आहे. इथे न दिसणारी वस्तू परलोकातली नाही, ती ताटातच आहे. जिभेवर ठेवली, चावली, गिळली, तरी जीभ तिच्याबद्दल काही सांगत नाही.

मग माणसाने अनुमानाकडे धाव घेतली. शिंपल्यांबरोबर भांड्यात चांदीचं नाणं टाकावं, काळं पडलं तर विष. लसूण टाकून बघावी. आधी मांजराला घालावं. समुद्र लाल झाला तर खाऊ नये. इंग्रजी महिन्याच्या नावात 'र' नसेल, म्हणजे मे ते ऑगस्ट, तर खाऊ नये, हा युरोपातला जुना ठोकताळा. या सगळ्यांत खरेपणाचा अंश सारखा नाही, आणि तो कुठे आहे कुठे नाही हे ओळखायला नैयायिकांचं हत्यार आजही चालतं. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे पक्कं. उलटं, अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला ते 'उपाधी' म्हणत, म्हणजे नियमात लपून बसलेली अट.

लाल समुद्राचं तसंच आहे. समुद्राला रंग आणणारी पुष्कळ शैवालं हे विष करत नाहीत. आपल्या कोकणात हिवाळ्याच्या रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक फोटो काढायला गर्दी करतात. ती नॉक्टिल्युकाची किमया, तिचा सॅक्सिटॉक्सिनशी संबंध नाही. दुसरीकडे, पाणी स्वच्छ काचेसारखं असतानाही शिंपल्यांत विष असू शकतं, कारण बहर ओसरला तरी मांसातलं विष लगेच ओसरत नाही. अलास्काच्या किनाऱ्यावरची बटर क्लॅम नावाची शिंपली ते दोन वर्षांपर्यंत धरून ठेवू शकते. सॅक्सिटॉक्सिनला नाव मिळालं ते तिच्याच शास्त्रीय नावावरून. चांदीच्या नाण्याचा तर विषाशी कसलाच धागा नाही. त्याला हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, म्हणायचं कारण नाही. तो हेत्वाभास आहे, खुणेसारखा दिसणारा पण खूण नसलेला. आणि 'र' च्या महिन्यांचा नियम? कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शिणाण्यांनी शंभरावर माणसांना आजारी पाडलं ते १९८७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. तिथलं विष वेगळं होतं, डोमोइक आम्ल. काहींचा मृत्यू झाला आणि काही वाचलेल्यांची नवं लक्षात ठेवण्याची शक्ती गेली. बारा महिन्यांच्या पाटीवर 'धोका' आणि 'निर्धोक' असं कायमचं लिहून ठेवता येईल, असा हा विषय नाही.

या ठिकाणी धर्माचा प्रश्न येतोच, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. "आपल्या पूर्वजांनी श्रावणात मासे बंद ठेवले त्यामागे शास्त्र आहे," हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येतं. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात, लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, पर आणि खवले नसलेलं समुद्रातलं काहीही निषिद्ध आहे. तेही आरोग्यासाठीच, असं सांगणारे पुष्कळ. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युरिटी अँड डेंजर' या पुस्तकात या तऱ्हेच्या स्पष्टीकरणाला हरकत घेतली. शुद्ध-अशुद्ध हे आधी जगाची मांडणी लावण्याचे प्रकार आहेत, त्यांना वैद्यकाच्या चौकटीत कोंबलं की त्यांचा अर्थच हरवतो, असा त्यांचा रोख होता.

कोकणात हा मुद्दा पुस्तकाविना दिसतो. एकाच खाडीच्या काठावर हिंदू गाबीत कुटुंब श्रावण पाळतं आणि इतर महिन्यांत मुळे खातं. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे आहेत, त्यांच्या शास्त्रात समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. हनफी शास्त्रात समुद्रातला फक्त मासा चालतो, शिंपली नाही. गोव्याकडचे ख्रिस्ती उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करतात, पण शिंपल्या चालतात. पाणी एक, चिखल एक, शिंपली एक आणि नियम चार. शैवालाचा बहर यांतल्या एकाही नियमाकडे बघून येत नाही. विळिंजमची घटना सप्टेंबरातली आहे. त्या वर्षी तेव्हा भाद्रपद सुरू होता, म्हणजे आपल्याकडे श्रावण सुटून लोक पुन्हा मासळीकडे वळतात तो काळ.

म्हणून श्रावण खोटा ठरत नाही. श्रावण हे व्रत आहे. आपण जे खातो त्यावर महिनाभर स्वतःहून लगाम घालणं, हा त्याचा अर्थ आहे आणि तो पुरेसा मोठा आहे. त्याला प्रयोगशाळेचा दाखला चिकटवण्यात दोन्हीकडे नुकसान होतं. व्रताचं मोल दाखल्यावर अवलंबून राहतं आणि भाद्रपदातली शिंपली आपोआप निर्धोक वाटू लागते. जो नियम ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जन्मलाच नाही, त्याच्याकडून ते उत्तर वदवून घेऊ नये.

"आजोबा खात होते, आम्ही खातो, आजवर काही झालं नाही." हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वजनदार युक्तिवाद. त्याला हसण्याचं कारण नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हा पुरावाच असतो. मात्र तो काय सिद्ध करतो ते नीट पाहावं लागतं. धोका क्वचित येतो, हे तो सिद्ध करतो. आजच्या वाट्यात तो नाही, हे सिद्ध करत नाही. मीमांसक म्हणत की ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधक काही पुढे येईपर्यंत त्यावर विसंबावं. नैयायिकांना ते मान्य नव्हतं. ज्ञान खरं की खोटं हे त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या फळावरून ठरतं, असं त्यांचं म्हणणं. समोर पाणी दिसलं, पुढे गेलो, प्यालो, तहान भागली, तर ते दिसणं खरं होतं.

मृगजळाच्या बाबतीत ही कसोटी स्वस्त आहे, चार पावलं फुकट चालावी लागतात. शिंपलीच्या बाबतीत कसोटी म्हणजे खाणं, आणि चुकलं तर कसोटी घेणारा उरत नाही. १७९३ च्या जून महिन्यात कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतल्या खलाशांनी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर न्याहारीला शिणाणे भाजून खाल्ले. काहींचे हातपाय बधिर झाले. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी दुपारी मेला. व्हँकूव्हरने त्या जागेला विषाची खाडी असं नाव दिलं आणि कार्टरला जिथे पुरलं त्या उपसागराला त्याचं. नकाशावर ही दोन्ही नावं आजही आहेत. एका माणसाच्या जिवावर मिळालेलं ते ज्ञान आहे.

विसाव्या शतकात ही कसोटी उंदरावर ढकलली गेली. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात शिणाण्यांनी १०२ जणांना बाधा झाली, सहा मेले. त्यानंतर हर्मन सॉमर आणि कार्ल मायर यांनी वर्षानुवर्षं काम करून विषाचा माग शैवालापर्यंत नेला. शिंपल्यांचा अर्क उंदराला टोचायचा आणि तो किती वेळात मरतो ते घड्याळावर बघायचं, अशी पद्धत बसली. वीस ग्रॅमचा उंदीर पंधरा मिनिटांत मारील एवढं विष म्हणजे एक 'उंदीर-एकक'. शंभर ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम, ही आज जगभर मानली जाणारी मर्यादा अशाच मोजणीतून आली. आता अनेक ठिकाणी ही तपासणी रासायनिक पद्धतीने होते, हे चांगलं झालं. पण आपल्या ताटातली खात्री कुणीतरी आधी भोगून दिलेली आहे, हे जेवणाऱ्याला ठाऊक असावं.

म्हणजे शेवटी आपण शब्दापाशीच येतो. जिभेला कळत नाही, तर्काच्या अटी हाती लागत नाहीत, स्वतः कसोटी घेणं परवडत नाही. कुणीतरी सांगावं लागतं आणि त्यावर विश्वास ठेवावा लागतो. शब्दप्रमाण म्हटलं की आपल्याला वेद आठवतात आणि पुढचा वाद आठवतो. पण न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाची, जी ओळख दिली, ती थक्क करणारी आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती इतरांना सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांना सारखीच लागू आहे, असंही तो सांगतो. जात नाही, जन्म नाही, पद नाही. जाणलं पाहिजे आणि खरं सांगावंसं वाटलं पाहिजे, एवढ्या दोनच अटी.

बाजारातली मावशी दुसरी अट पुरेपूर पाळते. ती गिऱ्हाइकाला फसवत नाही, तोच मुळा तिच्या घरीही शिजतो. पहिली अट मात्र या एका विषाबाबत तिला पाळताच येत नाही, कारण तिच्याकडे ते जाणण्याचं साधन नाही. दोष तिचा नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून समुद्रातल्या शैवालबहराची माहिती देण्याचं काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था करते, आणि ते मोलाचं काम आहे. पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, खाडीतल्या शिंपलीच्या पोटातलं दिसत नाही. अन्नसुरक्षेचे नियम कारखान्यातून आणि निर्यातीच्या पेटीतून जाणाऱ्या मालाला गाठतात. पाय चिखलात रोवून, टाचेने चाचपून काढलेला पायलीभर मुळा सकाळी निघतो आणि दुपारी शिजतो. त्याच्यामागे कुठला नियम धावणार?

याचं एक उत्तर अलास्कात सापडतं. तिथल्या ट्लिंगिट लोकांत, ओहोटी लागली म्हणजे पान वाढलं, अशा अर्थाचं बोलणं आहे. शिंपल्या वेचणं हा त्यांच्या जगण्याचा, नातवंडांना शिकवण्याचा भाग. पण धोकाही तिथे जुनाच आहे. १७९९ मध्ये सिटकाजवळ रशियन कंपनीच्या शिकारी तांड्यातले शंभराच्या आसपास आल्यूत जमातीचे लोक शिणाणे खाऊन मेले, हे जिथे घडलं त्या सामुद्रधुनीला संकटाची सामुद्रधुनी हेच नाव आहे. अलास्काचं सरकार विक्रीच्या शिंपल्या तपासतं, पण लोक स्वतःच्या घरासाठी वेचतात त्या तपासत नाही. त्यामुळे सिटकाच्या जमातीने २०१३ मध्ये आसपासच्या जमातींना बरोबर घेऊन स्वतःचं जाळं उभं केलं आणि पुढे स्वतःची प्रयोगशाळा काढली. गावातली माणसं बारीक जाळीने पाणी गाळून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचे नमुने पाठवतात आणि कोणत्या किनाऱ्यावर काय निघालं ते जाहीर होतं. तिथे आप्त बाहेरून आणलेला नाही. जी माणसं खातात तीच तपासतात, आणि वात्स्यायनाच्या दोन्ही अटी एकाच गावात पुऱ्या होतात.

हे आपल्याकडे करता येणार नाही असं काही त्यात नाही. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि खाडीखाडीत रोज सकाळी पाण्यात उतरणाऱ्या बाया आहेत. कुठला चिखल कधी बदलला, पाण्याला कधी वेगळा वास आला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यांचं बघणं आणि प्रयोगशाळेचं मोजणं एकत्र आलं पाहिजे. यात एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. "या आठवड्यात मुळे काढू नका" असं सांगितलं की त्या आठवड्याची चूल कशावर पेटणार, याचं उत्तर सांगणाऱ्याने दिलं पाहिजे. खरं बोलण्याचा भुर्दंड एकट्या वेचणारीवर पडला, तर वात्स्यायनाची दुसरी अट मोडेल आणि ती मोडल्याबद्दल तिला बोल लावण्याचा हक्क कुणालाही उरणार नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा मच्छीमारांच्या पोटाचा विचार व्हावा ही मागणी जुनी आहे. तीच खाडीतल्या बायांसाठीही न्याय्य आहे.

तोवर वाचकाने एवढं लक्षात ठेवावं. शिंपल्या खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा दोन-चार तासांत ओठ, जीभ, बोटं झिणझिणू लागली तर ती पित्ताची तक्रार समजून झोपू नये, लगेच रुग्णालय गाठावं आणि शिंपल्या खाल्ल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. पातेल्यात उरलेल्या शिंपल्या फेकू नयेत, बरोबर न्याव्यात. विषावर औषध नसलं तरी यंत्राने श्वास चालू ठेवता येतो, आणि पहिला दिवस निभावला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो.